सोळा सेकंद आणि नऊ वर्षे

अमेरिकेच्या नकाशात वर, कॅनडाच्या अंगाला, पाच मोठी सरोवरे पसरलेली दिसतात. त्यांतल्या मिशिगन सरोवराच्या पश्चिम काठाला एक लांबट आखात आत शिरले आहे, आणि त्या आखाताच्या अगदी तळाशी, फॉक्स नदी जिथे पाण्याला मिळते तिथे, ग्रीन बे हे गाव आहे. याला गावच म्हणायचे. २०२० च्या शिरगणतीत इथली वस्ती भरली एक लाख सात हजारांच्या आसपास. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी जनावरांच्या केसाळ कातड्यांच्या शोधात इथवर आले. मागाहून कागदाच्या गिरण्या निघाल्या, मांस डब्यांत भरण्याचे कारखाने निघाले, आणि सभोवारच्या गोठ्यांतल्या दुधाचे चीज तर सगळ्या देशात जाऊ लागले. इथल्या एका गिरणीची कीर्ती वाचकांना सांगावी की नाही असा क्षणभर प्रश्न पडतो. शौचकूपात वापरायच्या कागदात पूर्वी लाकडाची कुसळे राहून जात. कुसळांविरहित कागद १९३५ साली या गावच्या गिरणीने बाजारात आणला. मानवजातीवर उपकार करणाऱ्यांची यादी कोणी केलीच, तर तीत या गावाला मानाची जागा द्यावी लागेल.

असो. हे सारे पाहायला कोणी मुद्दाम ग्रीन बेला जात नाही. जातात ते फुटबॉलसाठी.

२०२३ च्या उन्हाळ्यात आमचा मुक्काम शिकागोला भाचीकडे होता. शिकागोहून ग्रीन बे सव्वातीनशे किलोमीटरांवर. भाचेजावई विस्कॉन्सिन राज्यातच शिकले, त्यामुळे शिकागोत राहूनही त्यांची भक्ती ग्रीन बेच्या संघावर. ही गोष्ट शिकागोत चारचौघांत बोलायची नसते म्हणे. घरात देवाच्या फोटोशेजारी एक चौकट टांगलेली होती. मी आपला समजलो, पदवीचे प्रमाणपत्र असेल. जवळ जाऊन पाहतो तो त्या फुटबॉल संघाचा एक भाग – शेअर!

"मामा, मी या संघाचा मालक आहे," भाचेजावई म्हणाले.

"किती टक्के?" मी विचारले. हिशेब काढून त्यांनी जो आकडा सांगितला त्यात शून्येच पुष्कळ होती.

पण सांगितले ते खरेच होते. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलचे बत्तीस संघ आहेत, आणि एकतीस संघांना कोणी ना कोणी धनाढ्य मालक आहे. एकट्या ग्रीन बेच्या 'पॅकर्स' संघाचे मालक लोक आहेत. १९२३ साली संघ कर्जात बुडाला तेव्हा गावातल्या व्यापाऱ्यांनी पाच-पाच डॉलरचे शेअर विकून तो वाचवला. पुढे १९३५ आणि १९५० साली पुन्हा तसाच प्रसंग आला, पुन्हा लोकांनीच पैसे दिले. शेवटची विक्री २०२१–२२ साली झाली, तेव्हा भाव तीनशे डॉलर होता. आता पाच लाखांवर भागधारक आहेत. नफ्याचा वाटा एका पैचाही मिळत नाही, शेअर बाजारात विकता येत नाही, तिकिटात सवलत नाही. मिळते काय, तर चौकटीत लावायला कागद, आणि वर्षाच्या सभेला जाऊन बसण्याचा हक्क. आपल्याकडच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीत आणि यात फारसा फरक मला तरी दिसला नाही.

संघाच्या नावाची कथाही अशीच. १९१९ साली कर्ली लँबो नावाच्या विशीतल्या तरुणाने संघ काढला, आणि तो ज्या कंपनीत नोकरीला होता तिच्याकडून गणवेशांसाठी पाचशे डॉलर मागून घेतले. ती मांस डब्यांत भरणारी 'इंडियन पॅकिंग कंपनी' होती, म्हणून संघ झाला 'पॅकर्स'. (त्या 'इंडियन' शब्दाने कोणी छाती फुगवू नये. तो आपल्याबद्दल नाही, तिथल्या मूळ रहिवाशांबद्दल आहे.) लँबो स्वतः खेळत असे आणि शिकवतही असे. खेळणे त्याने १९२९ साली सोडले, शिकवणे १९४९ पर्यंत चालू ठेवले, आणि सहा वेळा अजिंक्यपद मिळवले. म्हणजे खेळाडूने प्रशिक्षक व्हायचे हा या गावचा पायंडाच. मला जी हकीकत सांगायची आहे ती याच पायंड्याची आहे. मात्र ती इतकी सरळ नाही.

तत्पूर्वी हा खेळ कसा असतो ते थोडक्यात सांगितले पाहिजे. नाव फुटबॉल, पण पायाचा संबंध क्वचितच येतो. चेंडू नारळासारखा लांबोळा. तो हातात घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत घुसायचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात. नाही तर चेंडू दुसऱ्याकडे जातो. दर प्रयत्न पाच-सात सेकंदांत संपतो. मग सारे थांबतात, कोंडाळे करून कानगोष्टी करतात, आणि पुन्हा भिडतात. कबड्डीची झटापट आणि बुद्धिबळाची चाल एकत्र केली तर जे होईल ते हे. या सगळ्याच्या मध्यभागी एक सूत्रधार असतो. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू प्रथम त्याच्या हातात येतो, आणि तो फेकायचा, दुसऱ्याला द्यायचा की स्वतः घेऊन पळायचे हे त्याच्याच हातून घडते. आता चाल कोणती खेळायची ते बाहेरून प्रशिक्षक सांगतात. १९६० च्या दशकात ते बहुतेक क्वार्टरबॅकच ठरवीत असे.

आम्ही ऑगस्टात गेलो, तेव्हा हंगामापूर्वीचा सराव चालू होता. सराव बघायला इतकी माणसे जमतात हे पाहून मी चकितच झालो. पण खरी मौज सरावाची नव्हेच. मुख्य मैदानातल्या कपडे बदलण्याच्या खोलीपासून सरावाच्या मैदानापर्यंत रस्ता ओलांडून जावे लागते. त्या वाटेवर सकाळपासून गावची पोरे आपापल्या सायकली घेऊन उभी. खेळाडू बाहेर आले की एकेक जण एकेका पोराची सायकल मागून घेतो. सव्वाशे-दीडशे किलो वजनाचा तो धिप्पाड गडी, गुडघे हनुवटीला लावून त्या एवढ्याशा सायकलवरून निघतो, आणि सायकलचा धनी त्याचे शिरस्त्राण छातीशी धरून बाजूने धावत असतो. एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीची गुलाबी सायकल होती, मुठींना झिरमिळ्या लावलेल्या. तीवर जो बसला त्याचा दंड माझ्या मांडीएवढा होता. मुलगी मात्र आपण फार मोठ्या जबाबदारीच्या कामावर आहोत अशा चेहऱ्याने चालली होती. लोंबार्डीसाहेबांच्या काळापासून हा प्रघात आहे असे सांगतात.

लोंबार्डी हे नाव ग्रीन बेमध्ये टाळायचे म्हटले तरी टळत नाही. मैदानासमोरच्या हमरस्त्याला त्यांचे नाव, दारात लँबोच्या पुतळ्याशेजारी त्यांचा पुतळा, आणि देशाच्या अजिंक्यपदाचा जो चषक आहे त्यालाही त्यांचेच नाव. १९५८ च्या हंगामात पॅकर्स बारा सामन्यांपैकी एक जिंकले होते. १९५९ साली विन्स लोंबार्डी आले. हे गृहस्थ व्यावसायिक फुटबॉल स्वतः कधीच खेळले नव्हते. कॉलेजात मात्र खेळले होते, आणि त्यानंतर आठेक वर्षे न्यू जर्सीतल्या एका कॅथलिक शाळेत लॅटिन, पदार्थविज्ञान आणि रसायन शिकवत होते. म्हणजे मूळचे मास्तर. पुढे सात वर्षांत पाच अजिंक्यपदे – १९६१, ६२, ६५, ६६ आणि ६७ – हा या मास्तरांचा निकाल.

आणि या पाचही वेळी सूत्रधार होता बार्ट स्टार.

बार्ट स्टारची सुरुवात मोठी केविलवाणी आहे. जन्म १९३४ सालचा, दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातला. बाप हवाई दलात सार्जंट, कडक शिस्तीचा. धाकटा भाऊ लहानपणी धनुर्वाताने गेला. बापाचा ओढा त्या धाकट्याकडे अधिक होता, आणि मागे उरला तो हा शांत, लाजरा मुलगा. कॉलेजात पाठीला दुखापत झाली. शेवटच्या वर्षी बहुतेक सामने त्याने बाकावर बसून पाहिले, आणि त्या वर्षी त्यांचा संघ दहाच्या दहा सामने हरला. दरसाल व्यावसायिक संघ कॉलेजातली पोरे पाळीपाळीने निवडून घेतात. १९५६ साली सतराव्या फेरीत, एकशे नव्याण्णव जणांची निवड होऊन गेल्यावर, पॅकर्सनी स्टारचे नाव घेतले. तेही त्याच्या कॉलेजातल्या बास्केटबॉलच्या शिक्षकाने शिफारस केली म्हणून. लग्न नुकतेच झालेले. सासुरवाडीच्या अंगणात त्याने मोटारीचा एक टायर टांगला आणि उन्हाळाभर त्यातून चेंडू फेकत राहिला.

लोंबार्डींना तो प्रथम फारसा पसंत नव्हता. मुलगा अति सभ्य, असे त्यांना वाटे. एकदा सरावात स्टारचा चेंडू प्रतिपक्षाने अडवला. लोंबार्डी सर्वांदेखत त्याच्यावर कडाडले. सराव संपल्यावर स्टार त्यांच्या खोलीत गेला. रागवायचे तर इथे, या खोलीत हवे तितके रागवा. पण त्यांच्यासमोर माझा पाणउतारा करून मग मी त्यांचे पुढारीपण करावे अशी अपेक्षा ठेवू नका – अशा अर्थाचे तो बोलला. त्यानंतर लोंबार्डींनी चारचौघांत त्याला कधी टाकून बोलले नाही. दोघांचे सूत जमले ते त्या दिवसापासून. मला ही गोष्ट त्या पाच अजिंक्यपदांपेक्षाही अधिक आवडते. वरिष्ठाच्या खोलीत जाऊन, आवाज न चढवता, आपली बाजू मांडून परत येणे किती कठीण असते हे ज्यांनी कचेरीत जन्म काढला त्यांना सांगायला नको.

३१ डिसेंबर १९६७. डॅलसच्या संघाशी अंतिम सामना, ग्रीन बेच्याच मैदानावर. त्या दिवशी तपमान शून्याखाली पंचवीस अंश सेल्सियस होते. मैदान गोठू नये म्हणून लोंबार्डींनी हौसेने मातीखाली विजेच्या तारा पुरून घेतल्या होत्या. त्या ऐनवेळी निरुपयोगी ठरल्या आणि जमीन काचेसारखी झाली. पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटल्या, काढताना कातडी निघाली. पुढचा सामना त्यांनी नुसत्या ओरडण्यावर चालवला. पन्नास हजार माणसे अंगावर मिळेल ते गुंडाळून बसली होती. आपण पाचगणीला स्वेटर विसरलो तर परत फिरतो!

शेवटची पाच मिनिटे उरली तेव्हा डॅलस १७, ग्रीन बे १४. स्टारने चेंडू अडुसष्ट यार्ड लांबून हळूहळू पुढे आणला. सोळा सेकंद उरले, आणि सीमारेषा दोन फुटांवर. आधीच्या दोन प्रयत्नांत चेंडू घेतलेल्या गड्याचे पाय घसरले होते. स्टारने उरलेला शेवटचा टाइम-आउट घेतला, म्हणजे घड्याळ थांबवले, आणि कडेला येऊन लोंबार्डींना सांगितले की, इतरांचे पाय घसरताहेत, मी उभाच आहे, मीच घेऊन घुसतो. लोंबार्डी म्हणाले, घूस आणि चल, इथून निघू या. चेंडू आपल्याला मिळणार असे मागच्या गड्याला वाटत होते, कारण स्टारने मनातले कोणालाच सांगितले नव्हते. तो स्वतःच एका साथीदाराच्या पाठीआडून पलीकडे पडला. २१–१७. ते फसते तर पुन्हा उभे राहायला वेळ नव्हता. सामना गेलाच होता. त्यानंतर दोन आठवड्यांनी देशाचे अजिंक्यपद मिळाले, आणि सर्वोत्तम खेळाडू म्हणून स्टारला एक झोकदार मोटार मिळाली. ती त्याने वाट चुकलेल्या मुलांसाठी काढलेल्या एका वसतिगृहाला देऊन टाकली. ते वसतिगृह उभे करण्यात १९६५ पासून त्याचा आणि त्याच्या पत्नीचा हात होता.

कथाकादंबऱ्या इथे संपतात. माणसाचे आयुष्य मात्र पुढे चालू राहते, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी मला पुन्हा कोणी विचारील का, असा प्रश्न खेळाडूला पस्तिसाव्या वर्षीच पडतो. लोंबार्डींनी प्रशिक्षकपद सोडले. १९७० साली ते कर्करोगाने गेले. स्टारचा खांदा निकामी झाला, १९७१ चा हंगाम त्याचा शेवटचा. १९७२ साली एक वर्ष तो नव्या क्वार्टरबॅकांना शिकवायला राहिला. त्या वर्षी संघ आपल्या गटात पहिला आला. मग तो व्यापारात पडला, दूरचित्रवाणीवर सामन्यांचे समालोचन करू लागला. १९७३ साली त्याचा १५ हा क्रमांक संघाने कायमचा बाजूला काढून ठेवला. तो अंगावर घालून आता कोणी खेळायचे नाही.

१९७४ च्या अखेरीस ग्रीन बेची जागा रिकामी झाली. आधीच्या प्रशिक्षकाने जाता जाता एक सौदा करून ठेवला होता. चौतीस वर्षांचा एक क्वार्टरबॅक घेण्यासाठी त्याने पुढल्या दोन वर्षांतले नवी पोरे निवडण्याचे पाच हक्क, तेही पहिल्या तीन फेऱ्यांतले, लॉस अँजलिसच्या संघाला देऊन टाकले होते. शेतकऱ्याने बियाणे विकून म्हातारा बैल घ्यावा तसा हा व्यवहार. अशा शेतावर कोणाला बोलवायचे? गावाने आपल्या लाडक्याला बोलावले. २४ डिसेंबर १९७४ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, स्टार मुख्य प्रशिक्षक झाला आणि सर्व कारभाराचा व्यवस्थापकही झाला. वय चाळीस. शिकवण्याचा अनुभव म्हणावा तर ते एक वर्ष. तुमच्या प्रार्थना आणि धीर एवढे मला द्या, बाकीचे आम्ही मिळवू, असे तो लोकांना म्हणाला.

नको म्हणायला हवे होते, असे आज कोणीही सांगेल. पुढे त्याने स्वतःही आपली तयारी अपुरी होती हे लपवले नाही. पण मी त्या मैदानाच्या कडेला उभा राहून विचार करीत होतो: ज्या गावाने दोनशेवा निवडलेला पोरगा डोक्यावर घेतला, ते गाव दाराशी येऊन, तूच ये, म्हणत असताना कोणत्या तोंडाने नाही म्हणायचे?

पहिल्या वर्षी पहिले चारही सामने गेले. पाचवा डॅलसच्या घरी जाऊन १९–१७ असा जिंकला तेव्हा गावाला वाटले, आले दिवस! त्या वर्षी एकूण चार जिंकले, दहा हरले. पुढच्या वर्षी पाच आणि नऊ. त्यापुढे पुन्हा चार आणि दहा. १९७८ साली पहिल्या सातांपैकी सहा जिंकून सगळ्यांना स्वप्ने पडू लागली, आणि उरलेल्या नऊ सामन्यांत फक्त दोन हाती लागले. १९८० साली सरावाच्या एका सामन्यात संघ ३८–० असा सपाटून मार खात असताना त्यांचा एक बचावपटू कडेला उभा राहून एका प्रेक्षकाने दिलेला हॉट डॉग – पावात घातलेले सॉसेज – खाताना सापडला. स्टारने त्याला हजार डॉलर दंड केला. एवढ्याने काय होते, म्हणून त्या खेळाडूचा शिक्षकच राजीनामा देऊन चालता झाला. लोंबार्डींच्या राज्यात कोणाची अशी छाती झाली असती का, आणि झाली असती तर तो दुसऱ्या दिवशी गावात दिसला असता का, या प्रश्नावर ग्रीन बेच्या मद्यगृहांत अनेक रात्री चर्चा झाली असणार. त्या वर्षअखेर व्यवस्थापकपद स्टारकडून काढून घेण्यात आले. शिकवणे तेवढे उरले.

उत्तम गवई उत्तम गुरू होतोच असे नाही, हे आपल्याला माहीत आहे. ज्याचा गळा उपजत फिरतो त्याला, तो का फिरतो, हे सांगता येत नाही. पण स्टारच्या बाबतीत हे कारण मला पटत नाही. तो उपजत काहीच नव्हता. टायरातून चेंडू फेकून झालेला होता. मला वाटते त्याची अडचण वेगळी होती. लोंबार्डींच्या हाताखाली उत्तम चालणारा माणूस तो होता. लोंबार्डी होणारा नव्हता. शब्दाने कोणाला बोचेल का, याची काळजी करणारा माणूस पंचेचाळीस दांडगटांवर राज्य कसे करील? शिवाय खेळाडूच्या हाती चेंडू असतो. प्रशिक्षक कडेला उभा असतो, हाती कागद घेऊन. ज्याने सोळा सेकंदांत निकाल स्वतःच्या अंगावर घेतला, त्याला नऊ वर्षे दुसऱ्यांच्या अंगावर निकाल सोपवून उभे राहायचे होते. अर्थात नुसता सभ्यपणा आड आला म्हणावे, तर त्याचाच जोडीदार फॉरेस्ट ग्रेग बराच करड्या स्वभावाचा होता. सिनसिनाटीचा संघ त्याने १९८१ च्या हंगामात अंतिम सामन्यापर्यंत नेला. आणि तोच ग्रेग स्टारनंतर ग्रीन बेला आला तेव्हा चार वर्षांत पंचवीस जिंकून सदतीस हरला. तेव्हा ही विद्या कोणत्या एका स्वभावाला वश आहे असेही दिसत नाही. त्याच संघातला विली वुड १९७५ साली फिलाडेल्फियाच्या एका संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. आधुनिक काळात व्यावसायिक संघाचे हे पद मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय. तो संघ ज्या स्पर्धेत होता ती स्पर्धाच त्या साली अर्ध्यावर बंद पडली.

१९८२ च्या हंगामात खेळाडूंचा संप झाला, सामने नऊच झाले, आणि स्टारचा संघ पुढच्या फेरीत गेला. ग्रीन बेच्या मैदानावर त्या गोठलेल्या दिवसानंतर पंधरा वर्षांनी बाद फेरीचा सामना झाला, आणि तो ४१–१६ असा जिंकलाही. १९८३ साली तर अजिंक्य वॉशिंग्टनला त्यांनी ४८–४७ असे हरवले. हा आकडा छापण्यातली चूक नव्हे. आक्रमण बहारीचे होते. बचाव मात्र बिनदाराच्या घरासारखा. १८ डिसेंबर १९८३ रोजी शेवटचा सामना होता, शिकागोला, हाडवैऱ्यांशी. जिंकले तर पुढे जाणार. अखेरीस ग्रीन बे २१–२० असे पुढे होते. चेंडू शिकागोकडे. ते सावकाश पुढे सरकत होते आणि घड्याळ पळत होते. आपल्या हातचे टाइम-आउट घेऊन घड्याळ थांबवावे, म्हणजे गुण गेले तरी आपल्याला खेळायला वेळ उरेल, असे सगळ्या जगाला वाटत होते. स्टारने ते घेतले नाहीत. दहा सेकंद उरले असता शिकागोने चेंडू खांबांमधून लाथाडला. २३–२१.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, त्याला काढण्यात आले. नऊ वर्षांचा हिशेब: ५२ जिंकले, ७६ हरले, ३ बरोबरीत.

आम्हाला मैदान दाखवायला होते ते गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, कागदगिरणीतून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे. त्यांच्या वडिलांनी १९५० साली पंचवीस डॉलरचा शेअर घेतला होता. तो आता यांच्या घरी भिंतीवर आहे. भाचेजावयांनी लगबगीने आपल्या २०२१ च्या शेअरची हकीकत सांगितली, ती त्यांनी जुन्या जहागीरदाराने नव्या जमीनदाराचे ऐकावे तशी ऐकून घेतली. मग ते आम्हाला बोगद्यातून मैदानाकडे घेऊन गेले. त्या बोगद्याच्या फरशीत जुन्या बोगद्यातल्या काँक्रीटचा एक तुकडा मुद्दाम बसवला आहे. लोंबार्डी, स्टार, सगळे यावरूनच मैदानात गेले. माणसे त्यावर पाय ठेवताना थांबतात. आमच्या सौभाग्यवतींनी पायातली चप्पल काढावी की काय असा विचार केलेला मला दिसला.

मी त्यांना १९८३ च्या त्या सोमवारबद्दल विचारले. ते म्हणाले, "वडील गिरणीतून आले, बातमी ऐकली, आणि जेवायला बसले नाहीत. आई म्हणाली, मग संघाला पत्र लिहा, तुम्ही मालक आहात. तर ते म्हणाले, काय लिहू? त्यांनी केले ते बरोबरच आहे."

स्टारच्या नशिबी त्यापुढेही पुष्कळ सोसणे होते. धाकटा मुलगा १९८८ साली अमली पदार्थांपायी ऐन चोविशीत गेला. स्टार अलाबामात परतला, तिथेच राहिला, आणि ग्रीन बेचे आमंत्रण आले की येत राहिला. २०१४ साली पक्षाघाताचे झटके आले, हृदयविकाराचा झटका आला. चालणे-बोलणे पुन्हा शिकावे लागले. पुढच्या वर्षी, २६ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री, ब्रेट फार्व्ह या पुढच्या पिढीतल्या क्वार्टरबॅकचा क्रमांक मैदानात लावायचा समारंभ होता. त्या रात्री ८१ वर्षांचा स्टार पत्नीसह एका छोट्या गाडीतून मैदानात आला. बोचरी थंडी आणि वरून पाऊस. आमचे मार्गदर्शक त्या रात्री वरच्या रांगेत होते. "गाडी बोगद्यातून बाहेर येताच सगळे उठले," ते म्हणाले. "कोणी बसायला सांगितले असते तरी बसले नसते. बाके ओलीच होती म्हणा." स्टार मे २०१९ मध्ये वारला.

मैदानाच्या भिंतीवर निवृत्त केलेले सहा क्रमांक आहेत, त्यांत १५ आहे. आजूबाजूच्या रस्त्यांना प्रशिक्षकांची नावे आहेत – लोंबार्डी, होमग्रेन, मॅकार्थी – ज्यांनी अजिंक्यपद आणले त्यांची. मी ते दोन्ही टिपून घेत होतो. तेवढ्यात भाचेजावयांना राहवेना. घरून निघाल्यापासून त्यांच्या मनात घोळत असलेला प्रश्न त्यांनी विचारला: शिकागोच्या त्या सामन्यात टाइम-आउट घेतले असते तर?

म्हाताऱ्याने क्षणाचाही विलंब लावला नाही.

"घ्यायलाच हवे होते," तो म्हणाला, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून त्याने आम्हाला बाहेरची वाट दाखवली. मागे दुसरी टोळी येऊन थांबली होती, आणि तिच्यातले एक पोर त्या काँक्रीटवर उड्या मारत होते.